शिरेतील बुडबुडे

सलाइनच्या नळीत हवेचा एवढासा बुडबुडा दिसला, तरी उशाशी बसलेल्या नातेवाइकांचा जीव वरखाली होतो. ही भीती निराधार नाही. मोठ्या प्रमाणात हवा शिरेत गेल्यास ती घातक ठरते. त्यामुळे सदाशिव पेठेतील माझ्या एका जुन्या रुग्णाला मी म्हटले, ‘‘आजोबा, शिरेत बुडबुडे सोडून सोनोग्राफी करावी लागेल,’’ तेव्हा त्यांनी काठी उचलून उठण्याचीच तयारी केली.

वय 78. यकृतात एक गाठ आढळलेली. साध्या सोनोग्राफीत तिचे स्वरूप उलगडेना. सीटी स्कॅनसाठी आयोडीनयुक्त औषध द्यावे, तर क्रिएटिनिन वाढलेले. अशा वेळी हा मार्ग उपयोगी पडतो.

वाचकहो, हे बुडबुडे म्हणजे नळीतली हवा नव्हे. सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा निष्क्रिय वायू आणि त्याभोवती स्निग्ध पदार्थाचे अतितलम आवरण, अशी त्यांची घडण असते. आकार साधारण 2 ते 3 मायक्रॉन. रक्तातील तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची असते, म्हणजे जिथून ती जाते तिथून हे सहज जातात. वाट अडवत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. ध्वनिलहरी म्हणजे दाबाचा चढउतार. रक्त जवळजवळ दबत नाही, वायू मात्र सहज दबतो. त्यामुळे दाब वाढला की बुडबुडा आक्रसतो, घटला की फुगतो, आणि हे सेकंदाला लक्षावधी वेळा घडते. शिवाय तो जितका फुगतो तितका आक्रसत नाही. या असमान स्पंदनामुळे तो मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट वारंवारतेचा ध्वनीही परत पाठवतो. यंत्र नेमका तोच स्वर टिपते. आजूबाजूचे मांस गप्प राहते आणि रक्त तेवढे उजळून दिसते. ध्वनीचा जोर फार वाढवला तर बुडबुडे फुटतात, म्हणून तो मुद्दाम मंद ठेवतात.

या विद्येचा आरंभ योगायोगाचा आहे. 1968 साली अमेरिकेत रेमंड ग्रामिअॅक आणि प्रवीण शहा यांनी, हृदयात द्रव टोचताना पडद्यावर ढगासारखा ध्वनी उमटतो, हे नोंदवले. त्या द्रवातील बारीक बुडबुड्यांचाच तो प्रताप होता.

आजोबांची गाठ कडेकडून आत, सावकाश भरत गेली. ही रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठीची खूण. कर्करोगाची गाठ बहुधा आरंभीच उजळते आणि मग फिकी पडते. ‘‘तो वायू जातो कुठे?’’ हा त्यांचा प्रश्न मला आवडला. तो श्वासावाटे जातो, बहुतांश पंधरा मिनिटांत. मूत्रपिंडावर त्याचा भार पडत नाही.

मात्र एक गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा. यांतील काही द्रावणांत पॉलिएथिलीन ग्लायकॉल असते. बद्धकोष्ठाच्या कित्येक पावडरींत आणि कोलोनोस्कोपीपूर्वी पोट साफ करण्याच्या औषधातही तेच असते. त्याने कधी अंगावर पित्त उठले असेल, धाप लागली असेल, तर ते लपवू नका. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते. झाली तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासात. तेवढा वेळ तिथेच थांबावे. पार्किंगची घाई करणाऱ्या चिरंजीवांना हे विशेष सांगणे आहे.

अलीकडे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे कुटुंबीय मोबाइलवर आलेला एक संदेश दाखवतात: ‘बुडबुड्यांनी अल्झायमर बरा’. त्यामागील वस्तुस्थिती अशी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही. एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनीने बुडबुडे थरथरले की ती भिंत काही काळ सैल होते. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतील अशा प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. रुग्ण फक्त तीन. ध्वनी दिलेल्या भागातील अमायलॉइडचा साठा अधिक घटला. स्मृती सुधारल्याचे मात्र त्यातून दिसले नाही. तेव्हा या उपचाराच्या नावाने कोणी आगाऊ पैसे मागितले, तर ते देण्यापूर्वी तो कागद तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.