नळी उघडली, ठोक्यांचे काय?

१४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत चित्रीकरण आटोपून घरी आलेल्या अभिनेते श्रेयस तळपदे यांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयाच्या वाटेवर गाडीतच ते बेशुद्ध झाले. हृदय सुमारे दहा मिनिटे बंद होते. छाती दाबून आणि विजेचा शॉक देऊन ते पुन्हा सुरू केले, असे नंतर सांगण्यात आले. अँजिओप्लास्टी त्यानंतरची. आधी ठोके परत आले, मग नळी उघडली.

आपल्याकडे झटका म्हटले की चर्चा ‘ब्लॉकेज किती टक्के’ याचीच होते. मात्र पहिल्या काही तासांतले बरेच मृत्यू ठोक्यांची लय बिघडल्याने होतात. रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूत विजेचे संदेश भरकटतात आणि हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त पुढे जात नाही, काही सेकंदांत शुद्ध हरपते. यावर उपाय शॉकचा. त्याला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. छाती दाबत राहिल्यास ही घसरण मंदावते.

हा हिशेब इंदापूर तालुक्यातल्या कळंबसारख्या गावाला लावून पाहा. बारामती असो वा इंदापूर, गाडी कितीही दामटली तरी दहा मिनिटांत पोहोचणे नाही. त्यात गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ म्हणत सोडा पिण्यात जाणारी रात्र म्हणूनच महागात पडते. राज्यात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे आणि तिच्या प्रगत रुग्णवाहिकांत शॉक देणारे यंत्र असते. शेजाऱ्याच्या गाडीत ते नसते.

रुग्ण घरी आला म्हणजे धोका टळला, असेही नाही. पहिल्या ४८ तासांतला लयबिघाड बहुधा ताज्या इजेमुळे असतो. वेळीच आवरला तर पुढची वाट बरीच सुकर होते. त्यानंतरचा बिघाड मात्र हृदयावर पडलेल्या व्रणाकडे बोट दाखवतो आणि तो पुन्हा होऊ शकतो. वरचे कप्पे अनियमित फडफडण्याचा प्रकार झटक्यानंतर शंभरांत साधारण ६ ते २१ जणांत दिसतो. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारी वेगळी गोळी लागू शकते.

मग ठोके चुकताच ते दाबणारे औषध द्यावे का? १९८९ साली ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीने डॉक्टरांनाच धक्का दिला. झटक्यानंतरचे जादा ठोके औषधांनी कमी झाले, पण ती औषधे घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. ईसीजीचा कागद सुधारला म्हणजे माणूस सुधारला असे नसते, हा धडा तेव्हाचा. ओळखीच्याला लागू पडलेली गोळी स्वतःवर आजमावू नये, ती यासाठीच.

घरी सोडताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: दवाखान्यात ठोके बिघडले होते का, कधी? हृदयाची पंपिंगची ताकद किती? इको पुन्हा कधी? औषधे चालू असूनही झटक्यानंतर किमान ४० दिवसांनी ही ताकद ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहिली, तर आपोआप शॉक देणारे यंत्र छातीत बसवण्याचा विचार होतो. खर्च लाखांत जातो, म्हणून सगळ्यांना ते नको. पण ज्याला हवे त्याला विचारलेच नाही, असे होऊ नये. चक्कर, अचानक धडधड, शुद्ध हरपणे यांकडे ‘अशक्तपणा’ म्हणून काणाडोळा नको.

आणि समोर माणूस कोसळला, हाकेला ओ देत नसेल, श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे. हे शिकायला एक दुपार पुरते. गावच्या तरुण मंडळाने, कारखान्याने, शाळेने ती काढावी. दवाखाना जवळ आणणे आपल्या हाती नाही, पण मधली मिनिटे आपल्याच हाती असतात.