चार दिवसांचे बिऱ्हाड

लग्नकार्यासाठी, रुग्णाच्या उपचारासाठी किंवा बदलीनंतर कायमचे घर मिळेपर्यंतच्या मधल्या काळासाठी मुंबईत येणारी कुटुंबे हल्ली हॉटेलातील खोलीऐवजी आठवड्या-पंधरवड्यापुरती सुसज्ज सदनिका भाड्याने घेऊन आपले अन्न आपणच शिजविण्याचा मार्ग पत्करू लागली आहेत. आणि ज्या घरात पथ्यपाणी सांभाळावे लागणारे वृद्ध किंवा मऊ भाताखेरीज कशालाही तोंड न लावणारी मुले आहेत, त्या घराच्या दृष्टीने हा मार्ग सर्वथा श्रेयस्कर आहे. परंतु अशी सदनिका कोणत्या वस्तीत घ्यावी हा निर्णय बहुतेकजण समुद्राचे सान्निध्य, इमारतीची शोभा आणि छायाचित्रातील दिवाणखाना एवढ्यावरच करतात, हे मला मुळातच अयोग्य वाटते. ज्याला स्वतःची चूल पेटवायची आहे, त्याने मंडई प्रथम पाहावी, स्थानक त्यानंतर, आणि प्रेक्षणीय स्थळांचा विचार सर्वांत शेवटी करावा.

सर्व जिन्नस घरपोच मागविता येतात, मग मंडईचे एवढे अगत्य कशाला, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. तथापि परक्या शहरात आजाऱ्याच्या उशाशी बसून दिवस कंठणाऱ्या माणसाला सकाळी पिशवी घेऊन खाली उतरणे, भाव विचारणे, ताजी मेथी हाताने निवडून घेणे यातून जो धीर मिळतो, तो दारावर आलेल्या पुडक्यातून मिळत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलासारखी मुख्यतः कचेऱ्यांसाठी वसविलेली वस्ती वकिलातीत मुलाखतीला आलेल्याला एका रात्रीपुरती सोयीची असेल. बिऱ्हाडाला ती मानवत नाही.

याउलट दादर-माटुंग्याचा परिसर पाहावा. १८९६ च्या प्लेगनंतर, दाटीवाटीच्या वस्त्यांचे अनारोग्य सरकारच्या ध्यानी आल्यावर, १८९८ मध्ये जो सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने आखलेल्या योजनांतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि माटुंग्याचे रुंद, सावलीचे रस्ते आकारास आले, आणि त्या आखणीचा लाभ आजही तेथे पायी फिरणाऱ्याला होतो. दादरला पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वे मार्गांच्या गाड्या मिळतात. परळची मोठी रुग्णालये तेथून जवळ पडतात. आणि स्थानकाच्या पश्चिमेस केशवसुत पुलाखाली व त्याच्या आसपास सकाळी उजाडण्याच्या आतच भाजीचे ढीग लागतात, गाठोडी सुटतात, पालेभाजीवर पाणी शिंपडले जाते. माटुंग्याच्या बाजारात केळीची पाने, कढीपत्ता, कोवळी केळफुले आणि डोळ्यांदेखत दळून मिळणारी कॉफी यांची रेलचेल असते. दाक्षिणात्य कुटुंबांनी दीर्घकाळ जोपासलेली ती पेठ स्वयंपाकाची आवड असलेल्याने अवश्य पाहावी.

गिरगावविषयी मला विशेष जिव्हाळा आहे. भुलेश्वरची बाजारपेठ तेथून हाकेच्या अंतरावर, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिसरी मेट्रो मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाल्यापासून गिरगावास स्वतःचे भुयारी स्थानकही लाभले आहे. मात्र तेथील जुन्या इमारतींचे लाकडी जिने उभे व अरुंद असतात. गुडघेदुखीच्या माणसाला घेऊन येणाऱ्याने उद्वाहनाची खात्री केल्याखेरीज तेथे मुक्काम ठरवू नये. गणेशोत्सवात गिरगाव आणि लालबाग येथे वाहन आत नेणे दुरापास्त होते. पावसाळ्यात दादरकडे येणाऱ्यांनी हिंदमाता व गांधी मार्केट या सखल भागांपासून चार पावले दूरच राहावे, कारण तेथे मुसळधार पावसात पाणी साचण्याची तक्रार फार जुनी आहे.

एका गोष्टीविषयी मात्र मी आग्रहाने लिहितो. ज्या इमारतीत आपण आठ दिवसांसाठी उतरतो, तेथे इतर कुटुंबांचे आयुष्य चाललेले असते. दर आठवड्याला जिन्यावर नवी माणसे, नव्या ट्रंका आणि अपरात्रीचे आवाज त्यांनी का सोसावेत? बार्सेलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपुष्टात आणण्याचा मनोदय जाहीर केला, त्यामागे स्थानिक रहिवाशांना भाड्याची घरे परवडेनाशी झाल्याची व्यथा होती. मुंबईत, जेथे नोकरदाराला डोक्यावर छप्पर मिळविताना आयुष्याची कमाई वेचावी लागते, तेथे ही व्यथा कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून गृहनिर्माण संस्थेला अंधारात ठेवून चालविलेली जागा कितीही स्वस्त मिळाली, तरी ती घेऊ नये.

विसार देण्यापूर्वी मालकाला स्पष्ट विचारावे: संस्थेची संमती आहे काय, नळाला पाणी कोणत्या वेळी येते, शेगडी गॅसची की विजेची, कुकर, पोळपाट, लाटणे आहे की नाही, आणि घरात मासळी शिजविण्यास मज्जाव आहे काय. ज्याच्याकडून या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नाहीत, त्याची जागा सोडून द्यावी. माझ्यापुरता कौल विचाराल, तर वृद्धांसह येणाऱ्याने माटुंगा निवडावा, रुग्णासाठी येणाऱ्याने दादर.