फोर-बाय-फोर गाडी आहे, तरी जरा हळू

श्रीपूर, महाळुंग, माळीनगर, बोरगाव, अकलूज या पट्ट्यात आता फोर-बाय-फोर गाड्या बऱ्याच झाल्या आहेत. थार आहे, फॉर्च्युनर आहे, जिम्नी आहे. पुण्यात नोकरीला असलेली पोरं सणाला गावी येतात, तेव्हा चारही चाकांना ताकद देणाऱ्या ऑडी, बीएमडब्ल्यूही इथल्या रस्त्यांवर दिसतात. गाड्या चांगल्याच आहेत, आणि त्या घ्यायची ऐपत आपल्या माणसांत आली याचा आनंद आहे. पण या गाड्यांबरोबर एक चुकीची समजूतही घरोघरी शिरली आहे आणि तिच्यापायी जीव जाऊ शकतो, म्हणून हे चार शब्द.

समजूत अशी, की चारही चाकांना ताकद असली म्हणजे गाडी घसरत नाही.

गाडीत प्रत्यक्षात होतं ते एवढंच, की इंजिनाची ताकद दोन चाकांऐवजी चार चाकांत वाटली जाते. त्यामुळे चिखलात, बर्फात चाक जागेवर फिरत बसत नाही. गाडी निघते, चढ चढते. थांबताना मात्र या यंत्रणेचा काडीचा उपयोग नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. तुमची तीस-चाळीस लाखांची गाडी आणि शेजाऱ्याची जुनी अल्टो, थांबताना आणि वळताना दोघींची भिस्त टायरच्या तळव्यावरच असते. ओल्या शहाबादी फरशीवर पैलवानाचाही पाय घसरतो. तिथे मांडीतली ताकद कामाला येत नाही, तळव्याची पकड लागते.

यात एक धोका आहे, तो लवकर ध्यानात येत नाही. साध्या गाडीचं चाक निसरड्यावर निघतानाच गरगरतं आणि चालवणाऱ्याला रस्ता कसा आहे ते कळतं. तुमची गाडी त्याच रस्त्यावरून गुपचूप निघते. वेग साठ-सत्तरवर जातो, गाडी कुठे डगमगत नाही, आणि रस्ता निसरडा आहे हे पहिल्यांदा समजतं ते ब्रेक दाबल्यावर. म्हणून अशी गाडी असणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी. रस्त्याची शंका आली, की मागे कुणी नाही हे आरशात बघून, वेग कमी असतानाच ब्रेक हलका दाबून पाहावा. गाडी किती धरते, ते तिथेच कळतं.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडून कित्येक कुटुंबं गाडी घेऊन मनालीला, काश्मीरला जातात. मनालीजवळचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला, आणि तेव्हापासून रोहतांगच्या पलीकडचं सिस्सू भर हिवाळ्यातही आवाक्यात आलं. बर्फ पडला की सोलंगच्या पुढे पोलीस बहुधा फोर-बाय-फोर किंवा साखळी लावलेल्याच गाड्या सोडतात, आणि आपल्याला वाटतं, आपण पास झालो. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच पट्ट्यात शेकड्यांनी गाड्या अडकल्या होत्या. उतारावरून फोर-बाय-फोर गाड्या चालकाच्या हाताबाहेर जाऊन घसरत असल्याचे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आले असतील. त्या गाड्यांत बिघाड नव्हता. टायरखाली धरायला काही उरलं नव्हतं.

चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, पाय ब्रेकवर जायला लागणारा एक सेकंद धरून, साधारण २० मीटरमध्ये थांबते. दबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ४० मीटर लागतात, आणि रस्त्यावर पाणी गोठून पारदर्शक थर झाला असेल तर ७० मीटरही पुरत नाहीत. हा थर सगळ्यात घातकी, कारण तो दिसतच नाही. रस्ता नुसता ओला वाटतो. सावलीतलं वळण, पूल, बोगद्याचं तोंड अशा जागी, पहाटे आणि सूर्य कलल्यावर, ओला दिसणारा प्रत्येक रस्ता गोठलेलाच समजा. वेग वीसवर आणा.

चढापेक्षा उताराला भ्या. उतार सुरू होण्याआधीच पहिला किंवा दुसरा गिअर टाका, गाडीला फोर-लो असेल तर तो लावा, आणि वेग इंजिनाला धरू द्या. ब्रेक, स्टिअरिंग, अॅक्सिलरेटर यातलं एका वेळी एकच, आणि तेही हळुवार. मागचा भाग सरकायला लागला, तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, जिकडे जायचं आहे तिकडे नजर ठेवा आणि स्टिअरिंग तिकडेच वळवा. त्या क्षणी ब्रेकवर उभं राहू नका. समोर काही येऊन जोरात थांबावंच लागलं, तर एबीएसवाल्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून धरा. पायाखाली कडकड होईल, ती होऊ द्या. जास्त ताकदीच्या गाडीत स्पोर्ट मोड बंद, स्नो मोड असेल तर तो चालू. पायाच्या जराशा धक्क्याने चारही चाकं एकदम सुटतात, आणि अशी गाडी सावरायचं कसब आपल्यापैकी कुणाकडेच नाही, कारण ते शिकायला आपल्याकडे बर्फ कुठे आहे?

टायरबद्दल कायदा १.६ मिलीमीटर नक्षी पुरे म्हणतो. बर्फासाठी ती पुरेशी नाही, चार मिलीमीटर तरी हवी. आपले नेहमीचे टायर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातात, म्हणून साखळी सोबत न्या, आणि ती घालायचा सराव घरासमोर अंगणात करा. तिथे गारठलेल्या बोटांनी, अंधारात, पहिल्यांदा ते जमणार नाही.

आपल्या भागातल्या माणसाला मुद्दाम सांगण्यासारखं आणखी एक. इथल्या उन्हात कूलंट कमी झालं की आपण सर्रास बाटलीतलं साधं पाणी ओततो. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते खपून जातं. शून्याखाली ते पाणी गोठून फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फुटू शकतो. निघण्याआधी कूलंट पूर्ण बदलून, योग्य प्रमाणात भरून घ्या. डिझेल गाडी असेल तर शेवटची टाकी डोंगरात शिरल्यावर तिथल्याच पंपावर भरा. कडाक्याच्या थंडीत आपल्याकडच्या डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. आणि बर्फात अडकलात, तर इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपू नका. सायलेन्सर बर्फाने बुजला की विषारी वायू आत भरतो आणि त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली. अडकलात तर उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, हीटर थोडा थोडा वेळच लावा, आणि एक काच बोटभर उघडी राहू द्या.

मनालीचा बर्फ वर्षातून चार दिवसांचा. आपला निसरडा रस्ता मात्र दारातच आहे, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते.

परतीचा पाऊस ऑक्टोबरात रेंगाळतो आणि पाठोपाठ ऊसतोड सुरू होते. ओल्या फडातून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चढतो, तेव्हा मोठ्या चाकांच्या खाचांतली काळी माती ढेकळाढेकळांनी खाली पडते. मागून येणाऱ्या गाड्या ती पसरवतात, पहाटे तिच्यावर दव पडतं, आणि शंभर-दोनशे फुटांचा रस्ता असा होतो की त्यावर पायी चालणाऱ्याचीही चप्पल सरकते. वर उसाची कांडी आणि वाढं पडलेलं असतं, ते वेगळंच. ही माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे वरून सुकल्यासारखी दिसली तरी आत राडच असते.

अशा राडीवर ऐंशीने जाणाऱ्या गाडीला थांबायला शंभर मीटरच्या वर लागतात, आणि डिपरचा उजेड पडतो जेमतेम ५०-६० मीटर. पुढे उसाच्या मोळ्यांनी मागचे दिवे झाकलेली ट्रॉली उभी असेल, तर ती दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. चाळीसने असाल, तर तीस-बत्तीस मीटरमध्ये थांबता. रात्री हंगामात चाळीस, हा माझा आग्रह आहे. माळीनगर ते बोरगाव या अंतरात त्याने पाच-दहा मिनिटं वाढतील.

थार, जिम्नी, फॉर्च्युनर अशा गाड्यांत फोर-व्हीलचा गिअर आपण टाकतो आणि काढतो. तो कोरड्या डांबरावर लावून ठेवू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगळ्या वेगाने फिरावं लागतं. ती मोकळीक तिथे मिळत नाही, गाडी वळणाला अडते आणि आतली यंत्रणा झिजते. राड संपली, की तो काढा.

आता ऊसवाल्या शेतकऱ्यांना आणि वाहतूकदारांना एक विनंती, कारण सगळा भार गाडीवाल्यावर टाकणं बरोबर नाही. फडाच्या तोंडाशी, डांबराच्या अलीकडे, वीस-तीस फूट मुरूम टाका. मुरूम मिळाला नाही तर पाचटाचा जाड थर अंथरा. चाकाची निम्मी-अर्धी माती तिथेच झडते. ट्रॉली भरल्यावर मागचं लाल रिफ्लेक्टर उसाखाली गेलं का, ते मागे जाऊन पाहा, आणि गेलं असेल तर लोंबत्या मोळीला वरून दुसरं बांधा. ट्रॉली रस्त्यात बंद पडली, तर टायरखाली लावलेले दगड काम झाल्यावर बाजूला करा. आणि रस्त्यावर ढेकळं पडलीच असतील, तर टोळी निघण्याआधी दोन माणसं फावडं घेऊन अर्धा तास तिथे लावा.