सिद्धता सापडते कशी?

पालकसभेत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येते: ‘आमचा मुलगा राइट ब्रेनचा आहे, त्याला पायरीपायरीने जमत नाही.’ त्याच सभेत गणिताचे शिक्षक बजावतात, ‘पायरी गाळली की गुण गेला.’ दोघे एकमेकांशी भांडत असले तरी दोघांचे गृहीतक एकच असते. विचार करणाऱ्यांच्या दोन जाती असतात, क्रमाने जाणारे रेषीय आणि उडी मारणारे अरेषीय, आणि शाळा पहिल्या जातीसाठी असते. हे गृहीतकच मला अमान्य आहे. एकाच विचाराला या दोन्ही चाली लागतात, एक शोधताना आणि दुसरी मांडताना. आपण मुलांना फक्त मांडणी शिकवतो, आणि शोधणे ज्याला आपोआप साधले त्याला हुशार म्हणतो.

पूर्वपक्षाच्या पाठीशी अनुभव आहे, हे कबूल केले पाहिजे. एकाच वर्गात एखादी मुलगी उत्तर आधी सांगते आणि रीत विचारली की अडते. शेजारचा मुलगा रीत चोख लिहितो आणि उदाहरणाचा तोंडवळा बदलला की थांबतो. हा फरक खरा आहे. त्याचे कारण डाव्या-उजव्या मेंदूत शोधणे मात्र चूक. रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळाले, ते ज्या अभ्यासासाठी त्यातल्या रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पूल अपस्मारावरचा उपचार म्हणून कापलेला होता. आपल्या मुलांचा तो पूल शाबूत आहे. भाषेसारखी काही कामे मेंदूच्या एका बाजूला अधिक होतात, एवढे खरे. पण अख्खा माणूसच डाव्या किंवा उजव्या मेंदूचा असतो, याला २०१३ साली यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारावर मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या तेव्हा आधार सापडला नाही. ‘ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवा’ हा सल्लाही टिकत नाही. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली यावरचे संशोधन चाळले आणि शैलीनुसार शिकवल्याने लाभ होतो असे मानायला पुरेसा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. तरीही बोटांचे ठसे घेऊन मुलाची ‘शिकण्याची शैली’ सांगणारे जाडजूड अहवाल पालकांना विकले जातात. आठ वर्षांच्या पोराच्या हाती ‘तू क्रमाने विचार करणारा नाहीस’ असा दाखला देणे हा अन्याय आहे. पुढे गणित जड गेले की तो प्रयत्न सोडतो, कारण सबब मोठ्यांनीच छापून दिलेली असते.

आता माझ्या बाजूचा पुरावा. शाळेच्या भूमितीतले एक साधे प्रमेय घ्या: वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. वहीत आधी पक्ष, मग साध्य, मग रचना: केंद्र जीवेच्या दोन्ही टोकांना जोडा. दोन्ही त्रिज्या समान, लंब ही सामाईक बाजू, कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून संगत बाजू समान. झाले. पण ती रचना आली कुठून? आकृतीत तर त्रिकोण नव्हतेच. ज्याला ती सुचते तो बहुधा शेवटाकडून निघतो. जीवेचे दोन तुकडे समान दाखवायचे आहेत. ते एकरूप त्रिकोणांच्या बाजू असते तर काम सोपे होते. त्रिकोण नाहीत, तर करावे लागतील. कशाच्या जोरावर करू? वर्तुळाबद्दल खात्रीची गोष्ट म्हणजे सगळ्या त्रिज्या सारख्या. म्हणून टोके केंद्राला जोडू. हा शोध साध्याकडून पक्षाकडे, उलट्या दिशेने जातो. वहीत त्याची खूणही राहत नाही. मुलांना ती रेषा आकाशातून पडल्यासारखी वाटते, आणि ज्याचे कारण दिसत नाही ते पाठ करण्यावाचून त्यांना गत्यंतर उरत नाही.

जुने शिक्षक यावर म्हणतील, आधी क्रम पक्का होऊ द्या. एका प्रकारची वीस उदाहरणे सोडवली की हात बसतो. हात बसल्यासारखा वाटतो, हे खरे. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार घनाकृतींची घनफळे काढायला शिकवली. एका गटाने एकेका प्रकारची उदाहरणे ओळीने सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावात पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, दुसऱ्याची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला, दुसरा ६३ वर होता. पहिल्या गटावर कोणते सूत्र लावायचे हे ठरवण्याची वेळच सरावात आली नव्हती.

मग पायऱ्या सोडून द्यायच्या का? मुळीच नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ चे गूढ उलगडले. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजा करा: ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. पुन्हा ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते, आणि कुठूनही निघालात तरी सात खेपांच्या आत तिथे पोचता. असा प्रश्न कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हता. तो पडायला मोकळे मन लागते. पण पडल्यावर काम वजाबाकीचेच, ओळीने, हातच्यासकट. हातचे चुकत राहिले तर ६१७४ वर स्थिरावणे दिसणारच नाही. अरेषीयतेच्या नावाने जे मुलांना सरावातून सोडवू पाहतात, ते त्यांच्या सुचण्याला पडताळ्याची सोयच ठेवत नाहीत.

शोधण्यालाही गुण मिळायला हवेत. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताला ४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन आहे. त्या २० गुणांत एक प्रश्न असा हवा: ही रचना तुम्ही का केली, आणि तिच्याआधी काय करून पाहिले? वर्गातही शिक्षकांनी अधूनमधून, आधी न सोडवलेले एखादे उदाहरण मुलांच्या देखत फळ्यावर घ्यावे. चुकलेली रेषा पुसू नये; तिच्यावर काट मारून ती का निकामी ठरली ते शेजारी लिहावे, आणि मुलांना तेही वहीत उतरवून घ्यायला सांगावे.