कॅबिनेट गुरगुरतंय? आधी कान द्या, मग पैसे

नागोठणं सोडून सुकेळी खिंड उतरलं की खांब, पुढे कोलाड, आत वळलं की रोहा; अलीकडे वडखळ आणि पेण. या पट्ट्यात आता बरंच काम डेस्कटॉपवर चालतं. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग, कुंडलिकेवरच्या राफ्टिंगचे व्हिडिओ, पेणच्या गणपती कारखान्यांची कॅटलॉग आणि फ्लेक्स, इंजिनिअरिंगच्या मुलांचं थ्रीडी, आणि सुट्टीतले गेम. या कामाला मशीन तगडं लागतं. तगडं मशीन तापतं, म्हणून दुकानदार त्यात लिक्विड कूलर बसवून देतो. वर्ष-दोन वर्षं सगळं शांत चालतं आणि एक दिवस टेबलाखालून आवाज यायला लागतो.

अशा वेळी घरात दोनच गोष्टी होतात. एक तर ‘चालतंय ना, चालू दे’ म्हणून दुर्लक्ष होतं, नाहीतर घाबरून मशीन गाडीत घालून नेलं जातं आणि पाच-सात हजारांचा नवा कूलर बसवून परत येतं. आवाज मात्र तसाच राहतो, कारण तो कूलरचा नव्हताच. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की कुठला भाग बोलतोय हे आधी शोधा. त्याला अर्धा तास लागतो, फारसं अवजार लागत नाही, आणि हे काम घरातलं कोणीही करू शकतं.

सगळ्यात आधी बॅकअप घ्या. पाण्याचा विचार नंतर करा. मशीनमध्ये जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल आणि ठराविक अंतराने ‘टक्... टक्... टक्’ असा कोरडा आवाज येत असेल, तर ती डिस्क मरायला टेकलेली असू शकते. एखाद्या जोडप्याच्या लग्नाचं फुटेज त्या एकाच डिस्कवर असेल तर ते पुन्हा शूट करता येत नाही. म्हणून आवाज कुठलाही असो, पहिल्यांदा कामाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि मग शोधाला लागा.

आता आत काय असतं ते थोडक्यात. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची पट्टी असते आणि बहुतेक कूलरमध्ये तिच्यावरच छोटा पंप बसवलेला असतो. तिथून दोन रबरी नळ्या निघून रेडिएटरला जातात, आणि रेडिएटरवर दोन किंवा तीन पंखे असतात. आत फिरतं ते नुसतं पाणी नव्हे, त्यात ग्लायकॉल आणि गंज रोखणारं रसायन मिसळलेलं असतं. पुण्याच्या आयसरमध्ये बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणकही असंच द्रव थेट चिपजवळ फिरवून थंड ठेवतात. तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की तिथे देखभालीला माणसं असतात आणि खांबला तुम्ही एकटे असता.

शोध घ्यायला रात्रीची वेळ चांगली. महामार्गावरची वाहनं थोडी कमी झालेली असतात. खोलीतला पंखा बंद करा, कॅबिनेटची बाजूची काच किंवा पत्रा काढा, मशीन चालू करा. जाड कागदाची वीतभर लांब नळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका भागाजवळ न्या. भागाला टेकवू नका. पंप, रेडिएटरचे पंखे, मागचा पंखा, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क अशा क्रमाने फिरा. आवाज कुठून येतोय ते बहुतेक वेळा तेवढ्यातच कळतं. स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकायची मेकॅनिकची सवय इथे नको. चालू मदरबोर्डवर लोखंड निसटलं तर जे वाचवायला निघालात तेच जळेल.

आता मुख्य आवाज, खळखळ आणि गुडगुड. चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं पाणी वाहिल्यासारखी खळखळ होते आणि मग थांबते. कूलर नवा असेल किंवा मशीन नुकतंच गाडीतून आणलं असेल तर यात घाबरण्यासारखं काही नाही. आत थोडी हवा असतेच, ती एका जागी जमायला वेळ घेते. पण खळखळ रोज होत असेल, किंवा पंपाजवळ सतत घरघर येत असेल, तर हवा पंपात अडकलेली आहे. विहिरीवरची मोटार हवा धरते तेव्हा काय होतं ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको: आवाज बदलतो, पाणी येत नाही, आणि तशीच चालू ठेवली तर आतला सील जातो. कूलरचा पंप त्याच कारणाने तसाच वागतो. पाण्याविना फिरलेला पंप आतून झिजतो.

ही हवा पंपात का शिरते? कारण ती नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. पंप सगळ्यात उंच आणि रेडिएटर खाली अशी रचना असेल तर उंच जागा पंपाचीच ठरते. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल तर उत्तम. समोर उभा लावलेला असेल तर त्याचं वरचं टोक पंपाच्या वर यायला हवं, आणि नळ्या खालच्या बाजूने निघाल्या तर आणखी चांगलं. रेडिएटर तळाशी बसवून दिला असेल तर ती बसवणाऱ्याची चूक आहे आणि ती सुधारून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. वर्षं जातात तशी नळ्यांच्या रबरातून पाण्याची वाफ अगदी हळूहळू बाहेर जाते आणि आतली हवा वाढते. त्यामुळे सुरुवातीला खपून गेलेली चुकीची रचना तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोलायला लागते.

उपाय सोपा आहे. रेडिएटरची बाजू उंच होईल असं कॅबिनेट हळूच तिरकं करा, अर्धं मिनिट धरा, परत सरळ करा, मग दुसऱ्या बाजूला. दोन-चार वेळा असं केलं की हवा पंपातून सुटून रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाते. पंप चालू असताना केलं तर लवकर होतं, पण आत फिरती हार्ड डिस्क असेल तर चालू मशीन अजिबात हलवू नका. बंद करून तिरकं करा, सरळ ठेवा, मग चालू करा. त्यानंतर खळखळ गेली आणि पुन्हा आली नाही, तर तुमचा नव्या कूलरचा खर्च वाचला.

पंपाचा दुसरा आवाज बारीक, सतत, कानात घुसणारा ‘कुईं’ असा. बऱ्याचदा पंप पूर्ण वेगात फिरत असल्याने तो येतो आणि पंप ठणठणीत असतो. काही मॉडेलमध्ये सॉफ्टवेअरमधून पंपाचा वेग एक पायरी कमी करता येतो. तापमान बघत तो करून पाहा. मात्र पंपाची वायर पंख्याच्या जागी लावलेली असेल तर मदरबोर्ड त्याचा वेग पंख्यासारखा वर-खाली करत राहतो आणि आवाजही चढतो-उतरतो. वायर ‘एआयओ पंप’ असं छापलेल्या जागी हवी आणि तिथला वेग स्थिर हवा.

खरी भीती मात्र आवाजाची नाही, आवाज अचानक बंद होण्याची आहे. कालपर्यंत घरघरणारा पंप आज गप्प झाला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. बायोसमध्ये जाऊन पंपाचे फेरे बघा. शून्य दिसत असेल तर पंप मेला. दुसरी खूण तापमानाची. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात खोलीच ३५ अंशांच्या आसपास असते, तेव्हा मशीन रिकामं असताना प्रोसेसर ४५-५० दाखवत असेल तर ठीक आहे, कारण कुठलाही कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पण नुसतं डेस्कटॉप उघडून बसलात आणि आकडा मिनिटभरात ९५-१००कडे धावला, पंपाची टोपी चटका देतेय आणि रेडिएटर गार आहे, तर पाणी फिरतच नाही. लगेच बंद करा. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, शेवटी मशीन बंदही पाडतो. पण म्हणून त्याला रोज त्या टोकाला नेऊ नये.

आता पंखे. इथल्या तक्रारींत माझा पहिला संशय यांच्यावरच असतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आणि त्या धुळीने काय केलं ते खांबच्या रस्त्याकडेच्या घरांना ठाऊक आहे. पेणच्या कारखान्यांजवळ प्लास्टरची भुकटी असते. पावसाळ्यातल्या दमट हवेत ही धूळ रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांवर जाड थर धरते; मग हवा जात नाही, पाणी तापतं, पंखे जोर करतात आणि भणभण वाढते. मशीन अंगणात नेऊन ब्लोअर मारा, आणि मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नको. त्याचा दाब जास्त असतो आणि हवेबरोबर पाण्याचे थेंब येतात. ‘टर्रर्र’ असा आवाज असेल तर एखादी वायर पात्याला घासतेय, ती बांधून टाका. खरखर असेल तर बेअरिंग सुकलंय. तो एक पंखा बदला, अख्खा कूलर नव्हे.

दोन आवाज पाण्याशी संबंध नसलेले. गेम किंवा रेंडर चालू झाल्यावरच ग्राफिक्स कार्डातून येणारी बारीक चिरचिर ही त्यातल्या कॉइलची असते. ती त्रासदायक आहे, धोक्याची नाही. आणि लाइट गेल्यावरच पॉवर सप्लायमधून गुणगुण येत असेल तर दोष घरच्या इन्व्हर्टरच्या करंटचा असण्याची शक्यता मोठी आहे. अशा मशीनला शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्या.

गळतीबद्दल खबरदारी. ॲपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ मध्ये पाणी फिरवलं आणि पुढे त्यांतली काही मशीन गळून खराब झाली. आर्क्टिक कंपनीने २०२२ मध्ये आपल्या लिक्विड फ्रीझर २ कूलरच्या गॅस्केटमुळे तांब्याची पट्टी गंजू शकते हे जाहीर करून दुरुस्तीचा संच मोफत दिला. म्हणून महिन्यातून एकदा टॉर्च मारून नळ्यांचे सांधे बघा. चिकट ओल किंवा हिरवट-पांढरी पुटं दिसली तर भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, आणि पुन्हा चालू करून बघू नका. सीलबंद कूलरमध्ये बॅटरीचं पाणी, गाडीचं कूलंट, फिल्टरचं पाणी काहीही भरू नका, पंपात तेल सोडू नका. त्याने वॉरंटी जाते आणि कूलरही जातो.

पंपच गेला असेल तर बिल शोधा. बऱ्याच कूलरना ३ ते ६ वर्षांची वॉरंटी असते. पनवेल किंवा मुंबईपर्यंत मशीन न्यायच्या आधी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. त्यात आवाज ऐकू यावा आणि स्क्रीनवरचं तापमान दिसावं. तिथे गेल्यावर आवाज गप्प बसला तर हाच पुरावा उपयोगी पडतो.

आणि नवं मशीन घेणाऱ्यांना स्पष्टच सांगतो. लग्नाचं एडिटिंग, फ्लेक्स, शिक्षण, बहुतेक गेम यांसाठी दोन पंख्यांचा चांगला एअर कूलर पुरतो. त्यात बिघडण्यासारखे दोन पंखेच असतात आणि ते गावात बदलता येतात. सर्व्हिस सेंटर लांब असलेल्या आपल्या भागात माझी पहिली पसंती त्यालाच आहे. पाण्याचा कूलर ज्याला खरोखर लागतो त्याने जरूर घ्यावा, फक्त काचेआडच्या दिव्यांसाठी घेऊ नये.

पेण, कोलाड, रोह्यात मशीन जोडून देणाऱ्या दुकानदारांना हात जोडून विनंती आहे: रेडिएटर पंपाच्या वर बसवा, पंपाची वायर तिच्याच जागी लावा, कूलरचं मॉडेल आणि वॉरंटीची तारीख बिलावर लिहा, आणि मशीन ताब्यात देताना गिऱ्हाइकाला पाच मिनिटं बसवून त्याच्या मशीनचा नेहमीचा आवाज ऐकवून ठेवा.