बसेल त्याची जागा

एक मोठा मजला घ्यायचा, त्यावर टेबले मांडायची आणि एकेक टेबल मासिक दराने द्यायचे, असा ‘कोवर्किंग’ नावाचा धंदा आता शहरोशहरी चालतो. जागा विकत घ्यावी की भाडेपट्ट्याने, असे विचारणाऱ्या धंदेवाल्यास मिळणारा सल्ला ठरलेला आहे: भांडवल अडकवू नका, पट्टा करा.

या सल्ल्याचे मर्म न्यूयॉर्कच्या ‘वुईवर्क’ कंपनीने उघड केले आहे. २०१० साली निघालेली ही कंपनी अमेरिकेत सुमारे पंधरा वर्षांच्या पट्ट्याने जागा घेई आणि टेबले मात्र महिन्याच्या बोलीवरही देई. देणे दीर्घ मुदतीचे व बांधलेले. येणे आज आहे, उद्या नाही! जानेवारी २०१९ मध्ये गुंतवणूकदारांनी तिचे मोल ४७ अब्ज डॉलर ठरविले. त्याच वर्षीच्या कागदपत्रांत पुढील भाड्याचा बोजाही जवळजवळ तेवढाच निघाला आणि सप्टेंबरात भागविक्री मागे घ्यावी लागली. २०२० च्या महासाथीत टेबले ओस पडली, घरमालकांची भाडी थांबली नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या न्यायालयात धाव घेतली. तिने भाड्याने घेतलेल्या काही इमारतींत खुद्द तिच्या एका संस्थापकाचीच मालकी होती. पट्ट्यातला खरा लाभ कोणत्या बाजूला असतो, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

मग जागा विकत घ्यावी काय? अवश्य घ्यावी; परंतु कोणी? एकट्या भांडवलदाराने घेतली, तर टेबलावर राबणाऱ्याच्या स्थितीत तसूभरही फरक पडत नाही. तो तर भाडेकरूही नसतो. त्याच्या हाती असतो केवळ वापराचा परवाना. कुळाचे कोणतेही संरक्षण त्याला नाही. मालकाचे हप्ते मात्र त्याच्याच वर्गणीतून फिटतात.

‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व मुंबई राज्याच्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी व्यवहारात आणले. शहरातील अनुवादक, आरेखक, संगणकावर राबणारे सुटे कामगार यांनी तोच न्याय का मागू नये? १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने सहकाराचा मार्ग त्यांना खुला आहे. संस्थेने कर्ज काढून जागा घ्यावी आणि वर्गणीतून ते फेडावे. किंमत आवाक्याबाहेर असेल तेथे पट्टाही करावा; पण संस्थेच्या नावाने, भाडे उत्पन्नाशी बांधून आणि खरेदीचा पहिला हक्क लिहून घेऊन.

सहकारी साखर कारखान्यांचे काय झाले, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. जेथे सभासद झोपला तेथे अध्यक्ष संस्थानिक झाला. त्यावर उपाय जागरूक सभासद हाच आहे. खासगी मालक हा नव्हे.

या विखुरलेल्या श्रमिकांना ना संघटना आहे, ना एकत्र बसण्याची हक्काची जागा. मालकीचे छप्पर त्यांना दोन्ही देऊ शकेल. कार्यकर्त्यांनी हे काम आपले मानले पाहिजे.