सलाफहादाच्या पाच मुली आणि आमचा सात-बारा

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ३० सप्टेंबर २०१९ रोजी पत्रक काढून सामान्य काळातील तिसरा रविवार हा देवशब्दाचा रविवार म्हणून पाळावा असे ठरवून दिले. तेव्हापासून जानेवारी महिना उजाडला की आमच्या बारामती-इंदापूर भागातही बायबल प्रश्नमंजूषांना बहर येतो. सर्वांत दीर्घायुषी पुरुष कोण? मथुशलह, ९६९ वर्षे. लोखंडी पलंग कोणाचा होता? बाशानचा राजा ओग याचा. लांबी नऊ हात. प्रवचन ऐकता ऐकता झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण पडला? युतुख. (हा शेवटचा प्रश्न आला की मुले आमच्याकडे पाहून का हसतात हे आम्ही जाणतो.) टाळ्या होतात, स्टीलचा डबा बक्षीस मिळतो आणि मंडळी घरी जातात.

कुतूहलाशी आमचे वैर नाही. ज्या समाजाच्या हाती बायबल उशिरा आले त्याने ते कोणत्याही निमित्ताने उघडावे, यात आनंदच आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. बायबलमधील माणसांविषयी जी माहिती बिनखर्ची आहे तेवढीच आम्ही मोठ्या हौसेने पाठ करतो. ओगचा पलंग नऊ हात असो की अकरा, आमच्या घरातील एकही वस्तू त्यामुळे जागची हलत नाही. परंतु त्याच पानांमध्ये अशीही माणसे आहेत की ज्यांची ओळख झाली तर आमच्या कपाटातील सात-बारा बाहेर काढावा लागेल. त्यांच्याविषयी प्रश्न निघत नाही.

अशा पाच बहिणी आहेत. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा. मनश्शेच्या वंशातील सलाफहाद नावाच्या माणसाच्या या मुली. यांतील नोआ हे नाव इंग्रजी बायबलात जलप्रलयाच्या नोहासारखेच लिहितात, म्हणून इंग्रजी शाळेतील आपली मुले गोंधळतात. हिब्रूत ती दोन निराळी नावे आहेत. बाप रानात मरण पावला, मुलगा नाही. वचनदत्त भूमीच्या वाटणीसाठी पुरुषांची गणती झाली त्यात या घराचे नाव बसेना. तेव्हा या पाच जणी दर्शनमंडपाच्या दारापाशी उभ्या राहिल्या. समोर मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी. आमच्या बापाचे नाव केवळ मुलगा नव्हता म्हणून कुळातून का पुसले जावे, आम्हांला आमच्या चुलत्यांबरोबर जमीन मिळावी, असे त्यांनी भर सभेत मागितले. ही हकिकत गणनेच्या २७व्या अध्यायात आहे.

मोशेला उत्तर ठाऊक नव्हते! ज्याच्या हाती दहा आज्ञा दिल्या गेल्या त्याला या मुलींपुढे थांबून देवाला विचारावे लागले. पंचग्रंथात असे मोजून चार प्रसंग आहेत. आणि देवाने निकाल दिला तो मुलींच्या बाजूने. एवढेच नव्हे, तर त्यांच्या निमित्ताने साऱ्या इस्राएलासाठी वारशाचा नियम घालून दिला. कायदा प्रथम आला आणि लोकांनी तो पाळला, असे येथे घडले नाही. पाच अविवाहित मुलींनी तक्रार केली आणि तीमुळे कायदा झाला.

यहुदी परंपरेत रब्बी अकिवा यांनी हा सलाफहाद म्हणजे शब्बाथदिवशी लाकडे गोळा करताना सापडून मृत्युदंड झालेला तो निनावी माणूसच होय, असे सांगितले. त्यावर दुसऱ्या रब्बींनी त्यांना फटकारले, की शास्त्राने ज्याला झाकले त्याला तुम्ही का उघडे करता? मुलीही बापाविषयी इतकेच म्हणाल्या की तो कोरहाच्या बंडात नव्हता, स्वतःच्या पापाने मेला. बाप कसाही असो, वाटा तो वाटा.

शास्त्रात या पाचही जणींची नावे चार ठिकाणी जशीच्या तशी येतात, तीन वेळा गणनेत आणि एकदा यहोशवाच्या पुस्तकात. एवढी नावे त्या काळच्या लेखकाने उगाच खर्ची घातली नसतील. आणि तरीही, रविवारच्या तिन्ही वर्षांच्या वाचनचक्रात ती एकदाही येत नाहीत. जो ख्रिस्ती माणूस आयुष्यभर एकही रविवारची मिस्सा चुकवत नाही, त्याच्या कानी ही पाच नावे न पडताच तो कबरस्तानात जाऊ शकतो.

आता आमच्याकडे काय चालते ते पाहू. आमच्या लोकांपाशी जमीन फार नाही. कोणाची वतनाची, १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाल्यावर पुन्हा नावावर आलेली. कोणी मजुरीचे पैसे साठवून एक-दोन एकर घेतलेली. कोणाचे नुसते गावठाणातील घर. बाप वारतो. महिन्याच्या मिस्सेसाठी बहिणी माहेरी येतात, कोणी भोरहून, कोणी नगरहून, कोणी मुंबईहून. मिस्सा होते, जेवण होते, आणि हात पुसता पुसता मोठा भाऊ म्हणतो, ताई, आता आलीच आहेस तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एक चक्कर मारून ये. त्या चकरेचे नाव हक्कसोडपत्र. ताई सही करते. तिला साडी मिळते.

कायदा काय सांगतो? आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता बाप गेला तर एक तृतीयांश त्याच्या विधवेचे आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांचे; त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही, सर्वांस सारखे. केरळातील भगिनींना हे सुख नव्हते. तेथे १९१६च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या हिश्शाच्या चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे! मेरी रॉय या बाईंनी त्याविरुद्ध दावा लावला व १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या हक्कासाठी तेथे एका बाईला दिल्लीपर्यंत जावे लागले, तो आमच्या बहिणींना केव्हाचाच मिळालेला आहे, आणि आम्ही तो एका साडीत परत घेतो.

आमच्यात काही कुटुंबे कागदोपत्री हिंदू आहेत. ती का आहेत हे सर्वांस ठाऊक आहे व त्याची चर्चा येथे नको. पण त्यांनाही पळवाट नाही. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखे स्थान दिले, आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा कोणत्याही दाखल्यावर कोणताही धर्म लिहा, ताईचा हिस्सा कायम आहे.

याविरुद्ध आम्हांला जी उत्तरे मिळतात ती ठरलेली आहेत. लग्नात तिच्यावर खर्च केला, हे पहिले. भावाच्या लग्नात मांडव फुकट पडला होता काय? जमिनीचे तुकडे होतील, हे दुसरे. तीन भाऊ वाटून घेतात तेव्हा तुकड्यांची ही चिंता कोणाला पडत नाही.

तिसरे उत्तर अधिक नाजूक आहे: ती स्वखुशीने देते. काही जणी खरोखर देतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण न दिल्यास काय होईल हे तिला ठाऊक असते. दिवाळीला बोलावणे येणार नाही, बाळंतपणाला आईकडे येता येणार नाही, नवऱ्याने टाकले तर उभे राहायला ओटा राहणार नाही. माहेर नावाची वस्तू तिच्याच हिश्शाच्या बदल्यात तिला विकली जात असेल, तर त्या व्यवहाराला स्वखुशी म्हणता येणार नाही. खुशीची पारख सोपी आहे. आधी तिचे नाव उताऱ्यावर लागू द्या. चार-पाच वर्षे ते तेथे राहू द्या. त्यानंतर तिला वाटले तर ती भावाला बक्षीस देईल.

चौथे उत्तर धार्मिक वेष घालून येते, आणि त्याचा आम्हांला सर्वांत राग आहे. संत लूकच्या १२व्या अध्यायात एकजण येऊन प्रभूला म्हणतो की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. आणि प्रभू न्यायाधीश व्हायचे नाकारून लोभापासून सावध राहण्यास सांगतो. हा उतारा बहिणीला ऐकवला जातो: पाहा, प्रभूला हिस्से मागणारे आवडत नाहीत. वाचकहो, तो उतारा पुढे वाचा. लोभाचा इशारा प्रभू एकट्या मागणाऱ्याला देत नाही, तेथे जमलेल्या सर्वांना देतो. आणि लगेच जो दाखला सांगतो तो कोणाचा? ज्याचे शेत उदंड पिकले, ज्याला कोठारे अपुरी पडली, त्या जमीनवाल्याचा. जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला हा दाखला ऐकवलेला आम्ही अद्याप पाहिला नाही.

गणनेचा ३६वा अध्याय काढून दाखवणाराही एखादा जाणकार भेटतो. तेथे मनश्शेच्या घराण्यातील वडीलधारे तक्रार घेऊन येतात, की या मुली दुसऱ्या वंशात लग्न करतील आणि जमीन बाहेर जाईल. त्यावर त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरते आणि त्या चुलतभावांशी लग्ने करतात. खरे आहे. चुलते तेव्हाही असेच होते. पण नीट पाहा, जमीन परत घ्यावी असे त्या वडीलधाऱ्यांनीही म्हटले नाही. त्यांनी अट घातली, हक्क काढला नाही. आम्ही मात्र अट न घालता हक्कच काढतो.

शिवाय हुकूम निघाला म्हणून ताबा मिळाला असे झाले नाही. मोशे गेला, यार्देन ओलांडली, वाटणीची वेळ आली, आणि यहोशवाच्या १७व्या अध्यायात या बहिणी पुन्हा हजर आहेत. एलाजार व यहोशवा यांच्यापुढे जाऊन जुन्या आज्ञेची आठवण करून देताहेत. ज्यांनी एकदा तरी फेरफारासाठी हेलपाटे घातले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. तेव्हा कोठे वाटणी झाली. मनश्शेची सहा घराणी. त्यांपैकी सलाफहादाच्या बापाचे, हेफेरचे, घराणे या पाच नातींच्या रूपाने मोजले गेले. पाच आणि पाच मिळून दहा वाटे पडले. शास्त्राने हा आकडा मुद्दाम लिहून ठेवला आहे, आणि मुलींना वतन मिळाले म्हणून तो दहा झाला हेही सांगितले आहे.

पुढची गोष्ट बायबलच्या बाहेर, मातीत सापडली. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या लोकांनी शोमरोन येथे उत्खनन केले. तेथे ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील शाईने लिहिलेली खापरे निघाली. ती राजवाड्यात आलेल्या द्राक्षारसाच्या व तेलाच्या नोंदी आहेत. कोठून आले, कोणाला आले, एवढेच. त्यांत प्रदेशांची जी नावे आहेत त्यांत नोआ आणि होग्ला आहेत. तिरसा तर शोमरोनच्या आधी उत्तर राज्याची राजधानीच होती. प्रदेशावरून मुलींची नावे पडली की मुलींवरून प्रदेशाची, याविषयी पंडितांत वाद आहे आणि तो चालू राहो. महसुली दप्तरात त्यांची नावे होती, एवढे आम्हांला पुरे.

आणि पाण्याचे काय? आमच्या भागात जमिनीची किंमत पाण्यावर ठरते. नीरा डाव्या कालव्यावरचा एक एकर आणि जिरायती पट्ट्यातला एक एकर यांची बरोबरी होत नाही. इंदापूरकडे टेलाच्या गावांना तर कालवा असूनही पाण्याची वाट पाहावी लागते. क्वचित एखादा भाऊ उदार होऊन बहिणीला तुकडा देतो, तो हमखास माळावरचा असतो. अशा बहिणींनी कालेबच्या मुलीचे, अखसाचे, नाव लक्षात ठेवावे. बापाने तिला नेगेबची कोरडी जमीन दिली. ती गाढवावरून उतरली आणि बापाला म्हणाली की कोरडी जमीन दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या. कालेबने वरचे झरे दिले आणि खालचेही दिले. लाज वाटते, कसे मागू, असे तिला झाले नाही. झाले असल्यास शास्त्राने नोंदवलेले नाही.

ईयोबाचे दुःख सर्वांना पाठ आहे, त्याच्या मुली कोणाला ठाऊक नाहीत. संकट सरल्यावर त्याला पुन्हा सात मुलगे व तीन मुली झाल्या. मुलग्यांपैकी एकाचेही नाव दिलेले नाही. मुलींची तिन्ही दिली आहेत, यमीमा, कसीया व केरेन-हप्पूक, आणि बापाने त्यांना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले असे स्पष्ट लिहिले आहे. त्याला मुलगे नव्हते म्हणून दिले, असे म्हणायला येथे जागा नाही.

नव्या करारात तर आपली ख्रिस्तसभा स्त्रियांच्या मिळकतीवरच उभी राहिलेली दिसते. हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ जणी आपल्या पदरचे खर्चून प्रभूची व बारा प्रेषितांची सोय पाहत. पेत्र तुरुंगातून सुटला तो योहान मार्कच्या आईच्या घरी गेला. फिलिप्पैचे श्रद्धावंत जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण लुदिया हिच्या घरी जमत. यांनी सर्वांनी हक्कसोडपत्रे लिहून दिली असती तर प्रेषितांनी भाकर कोठे मोडली असती, असा प्रश्न आम्हांला पडतो.

आता निकड का, तेही सांगतो. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. तो पाटसहून बारामती, इंदापूरवरून पुढे जातो. रस्ता असो, औद्योगिक वसाहत असो, मोबदला उताऱ्यावरील नावांना मिळतो. वीस वर्षांपूर्वी साडीवर सही केलेल्या बहिणीला त्यात काही नाही, आणि त्या वेळी कवडीमोल असलेला माळ आता कोटीच्या भाषेत बोलतो.

असल्या कागदावर साक्षीदार म्हणून आमची सही कोणी मागू नये; आम्ही ती करीत नाही. धर्मग्रामातील कुटुंबांकडे आमची मागणी एवढीच आहे की बाप वारल्यावर वारसनोंदीत आईचे आणि सगळ्या बहिणींचे नाव लावा आणि महिन्याच्या मिस्सेच्या दिवशी कोणालाही कचेरीत नेऊ नका. प्रश्नमंजूषा ठरवणाऱ्या तरुण मंडळींना आम्ही यंदा एक प्रश्न लिहून दिला आहे: सलाफहादाच्या पाच मुलींची नावे सांगा, आणि तुमच्या घरच्या उताऱ्यावर तुमच्या आत्यांची नावे आहेत का ते पाहून या. त्यातील दुसरा अर्धा भाग वगळावा असे मंडळींचे म्हणणे पडले. आम्ही तो वगळलेला नाही.